वाई, वाडी आणि वही

महाबळेश्वरावरून उतरलेली कृष्णा धोमच्या धरणात अडते, सुटते, आणि वाईला तिला पहिल्यांदा खरंखुरं नांदतं गाव भेटतं : घाट, धुणं, घंटा, भांडणं, सगळं काठावर. तिथून कऱ्हाड, मग सांगली, हरिपूर, मिरज आणि शेवटी नरसोबाची वाडी. वाडीला पंचगंगा तिला मिळते आणि मग ती कर्नाटकाची वाट धरते. वाई ते वाडी हा पल्ला एसटीने सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत संपवता येतो. मला तो तसा कधीच संपवता आलेला नाही, कारण मी चित्रं काढत जाते आणि चित्र काढणाऱ्याच्या हातून हमखास बस चुकते.

सामान फार नाही. तळहातापेक्षा थोडी मोठी वही, तिचा कागद दोनशे जीएसएमच्या वरचा, म्हणजे पाणी लागलं तरी पान फुगत नाही. वाळल्यावर पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं पेन. मुठीतच पाणी भरून घेता येतं असा ब्रश. रंगांची छोटी डबी. दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे रंग शाळेपासून हाताला सवयीचे आहेत, तेच अजून चालतात. घडीचं स्टूल मी पूर्वी न्यायची, हल्ली नेत नाही. छोट्या गावात पाच मिनिटं उभं राहिलं की कुठल्या तरी दुकानातून खुर्ची, पाट किंवा निदान तेलाचा रिकामा डबा येतोच. तो नाकारणं म्हणजे अपमान. आणि एकदा त्या डब्यावर बसलं की आपण त्या दुकानाचे पाहुणे होतो, मग रस्त्यावरचे बाकीचे लोक आपल्याकडे संशयाने बघत नाहीत.

संशय मात्र असतो. हातात वही, नजर समोरच्या घरावर, मध्येच एक डोळा मिटून पेनाने हवेत माप घ्यायचं. गावाला त्याचा एकच अर्थ लागतो. वाईच्या गंगापुरीत एका ओसरीवरच्या आजोबांनी मला सरळच विचारलं, "बाई, रस्ता रुंदीकरणाचा सर्वे हाय का?" मी वही दाखवली. त्यांनी आपल्या घराचं जोतं, खांब, कोनाडा, वळचणीला लटकलेली सायकल, सगळं तपासलं आणि म्हणाले, "मग हरकत न्हाई. पर ते गटार कशाला काढलं?" गटार मी ठेवलं. त्याबद्दल पुढे सांगते.

प्रवासात चित्रं काढणारे बहुतेक जण देवळापासून सुरुवात करतात, आणि ते बरोबरही आहे. देऊळ हलत नाही. वाईचा ढोल्या गणपती तर हलण्याच्या पलीकडचा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ नदीच्या पात्रालगत बांधलं. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आपटून दोन बाजूंना फाटावा आणि गाभाऱ्याला धक्का लागू नये, ही त्यातली युक्ती. समोरून देवळाचं चित्र काढणाऱ्याला हे कळतच नाही. मागे जाऊन, वरच्या अंगाच्या पायऱ्यांवर बसून काढलं की त्या भिंतीची धार कागदावर उतरते आणि गणपतरावांच्या गवंड्याने नदीचा केवढा विचार केला होता ते ध्यानात येतं. पण ते चित्र दोन-तीनदा काढून झालं की त्यात नवं काही उरत नाही. त्याच पायऱ्यांवर खाली धुणं चाललेलं असतं, ते मात्र संपत नाही.

चालतीबोलती माणसं कशी काढायची, हा प्रश्न वही घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला छळतो. हात उचलला म्हणून काढायला घ्यावा तर तो खाली आलेला असतो. शिकवणारे सांगतात, भराभर काढा. माझा अनुभव वेगळा आहे : भराभर काढू नका, थांबा. काम करणारा माणूस पुन्हा त्याच जागी येतो. धुणारी बाई लुगडं भिजवते, साबण लावते, आपटते, खळबळते, पिळते, बाजूला ठेवते आणि पुढचं उचलते. ह्या प्रत्येक अवस्थेत तिची पाठ वेगळी वाकते, पण त्या त्या अवस्थेत ती दर वेळी तशीच वाकते. म्हणून मी एका पानावर पाच-सहा आकृत्या एकदमच सुरू करते. आपटतानाची पाठ दिसली की त्या आकृतीत दोन रेषा, पिळतानाचे हात दिसले की दुसरीत. पाचवं-सहावं लुगडं होईपर्यंत सगळ्या आकृत्या एकदमच भरत येतात. दोघी मिळून नऊवारी पिळतात तेव्हा एक उजवीकडे पीळ देते, दुसरी डावीकडे, आणि पीळ घट्ट बसला की दोघीही किंचित मागे रेलतात. हे रेलणं मी आयुष्यभर पाहत आले होते. दिसलं ते काढताना.

म्हणजे चित्र जमायचं तर आधी कामाचा क्रम कळायला हवा. आणि क्रम कळला की गाव कळायला लागतं. पर्यटक गावात काय आहे ते बघतो. गावात काय पुन्हा पुन्हा होतं ते बघायला एका जागी बसावं लागतं, आणि बसायला वही हे उत्तम निमित्त आहे. नुसतंच दोन तास बसून धुणं बघत राहिलं तर लोक हाकलून देतील, आणि ते योग्यच.

हा शोध अर्थात माझा नव्हे. रुडयार्ड किपलिंगचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवायला आले. १८७० मध्ये सरकारने त्यांना वायव्य प्रांतात कारागिरांची रेखाटनं करायला धाडलं. ती रेखाटनं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. लाकूड कोरणारे, विणकर, आपापल्या हत्यारांसह आणि आपापल्या बसकणीत. साहेबांच्या सरकारला त्यात व्यापाराचा रस होता, हे खरंच; पण किपलिंगच्या पेन्सिलीला माणूस हत्यार कसं धरतो यात रस होता, हेही दिसतं. पुढे १९३८ मध्ये गुजरातेतल्या हरिपुरा काँग्रेससाठी गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी जे चित्रफलक केले, त्यांत पुढारी नाहीत. ढोल वाजवणारा आहे, सुतार आहे, स्वयंपाक करणारी बाई आहे. जाड काळ्या रेषेत पकडलेली ती सगळी माणसं आपापल्या कामात गुंतलेली आहेत, बघणाऱ्याकडे त्यांचं लक्ष नाही. अलीकडे जगभर 'अर्बन स्केचर्स' म्हणून जी मंडळी जागेवर बसूनच चित्र काढायचं असा दंडक पाळतात, त्यांची सुरुवात सिएटलच्या गॅब्रिएल कँपानारिओ या वृत्तपत्रीय चित्रकाराने २००७ मध्ये केली. आपल्याकडेही आता बऱ्याच शहरांत असे गट रविवारी सकाळी बाहेर पडतात. गटाची मजा वेगळी, पण छोट्या गावात एकटंच जावं. दहा जण वह्या उघडून बसले की ती गावाच्या दृष्टीने सहल होते.

वाईहून वर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्याच्या मागचा घाट आहे. घाटावर वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, पोर्तुगिजांच्या चर्चमधून आलेली भलीमोठी घंटा टांगलेली आहे. सगळे तिचंच चित्र काढतात, आणि रिक्षावाला 'स्वदेस'चं चित्रीकरण कुठे झालं ते दाखवतो. जागा देखणी आहे. मला तिथे फार वेळ बसवत नाही. जिथे सगळे बघायलाच आलेले असतात तिथे माझ्या वहीला काम उरत नाही.

आता ते गटार. वाडे, कौलं, तुळशीवृंदावन, पायरीवर मांजर अशी जुन्या गावांची चित्रं दिवाणखान्यात छान दिसतात, विकलीही जातात. त्यांतून काय काय गाळलेलं असतं ते प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर कळतं. विजेच्या आणि केबलच्या तारांचं जंजाळ. पत्र्यावरची काळी पाण्याची टाकी. आणि मुख्य म्हणजे चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स, ज्यावर मध्ये गॉगल लावलेला तरुण नेता आणि खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट साइज मुंडकी. एवढं सगळं गाळून जे उरतं त्याला मी चित्र म्हणते, पण गाव म्हणणार नाही. मारिओ मिरांडा तरुणपणी रोजनिशीच चित्रांतून लिहीत. १९४९ ते १९५१ च्या त्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपात आल्या. त्यांच्या गोव्यात कुत्री आहेत, ढेरपोटे आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत, एकही कोपरा स्वच्छ नाही, आणि म्हणूनच तो गोवा खोटा वाटत नाही. मी फ्लेक्स काढते. शुभेच्छुकांचे चेहरे गोल ठिपक्यांनी भागवते.

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि काटकोनात वळून एक होतात. प्रीतिसंगम. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. संध्याकाळी माणसं फिरायला येतात, भेळ खातात. पाण्याची ती जोडणी कागदावर सपाट दिसते. नदी काढणं मला अवघडच जातं, आणि तिथे ती दोनदा काढावी लागते. म्हणून कऱ्हाडात मी एसटी स्टँडवर रमते.

स्टँड हा छोट्या गावातला चित्रकाराचा उत्तम वर्ग आहे. वाट पाहणारा माणूस कामकऱ्याच्या बरोबर उलटा. तो काहीच करत नाही आणि तेही तो पुन्हा पुन्हा करतो. पिशवीकडे बघणं, फलाटाच्या पाटीकडे बघणं, कंट्रोल केबिनपर्यंत जाऊन "इस्लामपूर लागली का?" विचारून परत येणं आणि त्याच जागी, त्याच पद्धतीने, एक गुडघा वर घेऊन बसणं. म्हाताऱ्या बायका बाकाऐवजी खाली फरशीवर, भिंतीला टेकून बसतात आणि पदर डोक्यावरून ओढून घेतात. तो त्रिकोण एका रेषेत येतो. गाडी लागली की मात्र सगळं पान फुटतं. खिडकीतून रुमाल, टोपी, वर्तमानपत्र, कधी लहान मूल आत ढकलून जागा धरली जाते. १९४८ च्या जूनमध्ये पुणे-नगर अशी पहिली एसटी धावली. खिडकीतून जागा धरायची पद्धत तेव्हापासूनचीच असावी, असा माझा अंदाज आहे, पुरावा काही नाही. स्टँडच्या बाहेर रसवंती असते. चरकाला घुंगरं बांधलेली असतात. ऊस घालणारा पोरगा कांडी घालतो, चोथा दुमडतो, पुन्हा घालतो. त्याचं चित्र डोळे मिटूनही काढता येईल, कारण घुंगरांची लय त्याचा हात कुठे आहे ते सांगत असते.

सांगलीत हळदीचा बाजार. इथे राजापुरी हळदीचा सौदा होतो आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मार्केट यार्डात सकाळी शिरलं की आधी नाकाला आणि मग डोळ्यांना कळतं. थप्प्या लागलेल्या असतात, पोत्यावर पोतं, माणसाच्या दुप्पट उंच. व्यापारी पोत्यातून हळकुंड काढतो आणि कट्‌कन मोडून आतला रंग बघतो. बाहेरून सगळी हळकुंडं मातकट पिवळी. भाव ठरतो तो मोडल्यावर दिसणाऱ्या गाभ्यावरून. हे मोडणं दिवसभर चालतं आणि मोडलेले तुकडे पायांखाली कुटले जाऊन जमीनच पिवळी होते.

हमालांचं चित्र काढायचं तर वजनापासून सुरुवात करावी लागते, माणसापासून नाही. दोघं पोतं उचलून तिसऱ्याच्या पाठीवर टाकतात. पोतं बसलं त्या क्षणी त्याचे गुडघे थोडे वाकतात आणि मान पुढे येते. मग तो निघतो तो जवळजवळ पळतच. हळू चालणं जास्त जड पडतं, असं एकाने सांगितलं. ट्रकला लावलेल्या फळीवर चढताना पाऊल सरळ न टाकता आडवं टाकतो. पोतं टाकून परतताना त्याच फळीवरून उतरणारा तो माणूस निराळाच असतो, ताठ, रुमाल झटकत, कुणाला तरी शिवी देत. जाणारा आणि येणारा एकाच पानावर काढले तर दोन वेगळ्या वयाची माणसं वाटतात.

तिथल्या एकाने माझं पान पाहिलं आणि म्हणाला, "रंग कशाला आणलाय, ताई? हितं काय कमी हाय?" आणि खाली वाकून चिमूटभर हळद घेऊन थप्पीवर चोळली. त्या क्षणी ते पान माझ्या रंगपेटीतल्या कुठल्याही पिवळ्यापेक्षा झळझळीत दिसलं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे खेड्यातल्या कुठल्याही बाईला वाळत घातलेल्या लुगड्यावरून ठाऊक असतं. त्या थप्पीवर आज फिकट डाग उरला आहे. चुना लागला असता तर लाल झाला असता, तेच तर आपलं कुंकू.

सांगलीला लागूनच हरिपूर. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल या गावचे, आणि कृष्णा-वारणेचा संगमही इथलाच. पण सांगलीच्या व्यापाऱ्यांना हरिपूर माहीत आहे ते पेवांसाठी. इथल्या घट्ट मातीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवत. वर अरुंद तोंड, खाली ऐसपैस पोट. तोंड उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग माणूस सोडायचा. जमिनीवरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, नुसती पडीक जागा. २००५ च्या महापुराने यांतली पुष्कळ पेवं निकामी केली आणि हळद शीतगृहांकडे गेली. मी हरिपुरात एक चित्र काढलं ते अर्ध्या पानावर रिकामं मैदान आणि खालच्या अर्ध्या पानावर, न दिसणारं, एका जाणत्या शेतकऱ्याने हाताने हवेत आकार करून सांगितलेलं पेव. जागेवर बसूनच काढायचं आणि दिसेल तेच काढायचं, या नियमात ते बसत नाही. बसू नये.

सांगलीपासून खाली सगळीकडे चित्रात एक आडवी रेषा आपोआप येते. दुकानाच्या भिंतीवर, शाळेच्या कमानीवर, देवळाच्या खांबावर पाण्याची खूण. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी नदीची उंची मोजतात आणि पावसाळ्यात सांगलीकर हवामानाऐवजी तो आकडा विचारतात : "आयर्विनला किती?" ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रंग दिला तरी खूण कुठे ना कुठे राहते, आणि नसली तरी दुकानदार हाताने दाखवतो. त्याचा हात कधी छातीशी जातो, कधी डोक्याच्या वर, कधी तो नुसता वरच्या मजल्याकडे बोट करतो. चित्र काढताना क्षितिजरेषा पकडायला शिकवतात. इथे ती भिंतीवरच आखून ठेवलेली असते आणि फळीवरचा सगळा माल तिच्या हिशेबाने लावलेला असतो. साखर, मैदा वर. प्लॅस्टिकच्या बादल्या खाली.

मिरजेत मी सगळ्यात जास्त वेळ बसते. ज्यांना गाणं कळतं ते मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांसाठी येतात. १९३७ मध्ये ते गेले, त्यांची कबर ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथे अजून गायक हजेरी लावतात. मी गाण्यातली नाही. मी सतारमेकर गल्लीत जाते, जिथे तंबोरे आणि सतारी होतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे काम हाती घेतलं. तलवारी म्यान झाल्या, संस्थानात गवई येऊ लागले, त्यांची वाद्यं दुरुस्त करायला कुणीतरी हवं होतं; फरीदसाहेब आणि मोहिद्दीन ही नावं त्या सुरुवातीशी सांगितली जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा देशभर बातम्या झाल्या.

दुकानात शिरलं की छताला, कोपऱ्यात, माळ्यावर भोपळेच भोपळे. हा खाण्याचा नव्हे, कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या काठावरून येतो. वेलावर पूर्ण पिकवून वाळवलेला. प्रत्येकाचा घेर वेगळा, एकही खरा गोल नाही, आणि कारागीर तो गोल करण्याच्या भानगडीत पडत नाही. भोपळा बघून तो ठरवतो, हा कुठल्या वाद्याचा. मग भोपळा कापायचा, भिजवून आकाराला आणायचा, तूनच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडायची, पुढून तबली बसवायची, नक्षी, लाखेचं पॉलिश, खुंट्या, तारा. एका खोलीत एकाच वेळी वेगवेगळ्या अवस्थांतली वाद्यं पडलेली असतात. चित्रकाराला ही चैनच. घाटावर जो क्रम मला वेळ देऊन गोळा करावा लागतो, तो इथे जमिनीवर मांडून ठेवलेला असतो.

भोपळ्याची रेषा काढायला हाताला मोकळीक लागते. मनगट टेकवून काढली तर ती अडखळते. कारागिरांचंही तसंच. रंधा मारणारा खांद्यातून मारतो, नक्षी कोरणारा बोटांतून. त्यांच्या बसण्यातही फरक. दांडी तासणारा मांडी मोडून ती पायाच्या अंगठ्यात धरतो. पायाचा अंगठा हा तिथला शिकंजा आहे, आणि किपलिंगच्या रेखाटनांत पायाकडे इतकं लक्ष का दिलंय ते मला मिरजेत समजलं.

शेवटचं काम जवारीचं. तारा ज्यावरून जातात ती घोडी कानशीने घासून तिचा माथा असा करायचा की तार तिला नुसती टेकत नाही, सरपटत स्पर्श करते, आणि त्यातून तंबोऱ्याचा तो भरलेला झणकार निघतो. पुढे गायक घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून तो आणखी फुलवतो. पण मूळ काम कानशीचं. वयस्क कारागीर होते. एकदा कानस फिरवली. तार छेडली. मान तिरपी. पुन्हा कानस, आधीपेक्षा कमी. तार. मान. मी वर सांगितलेली युक्ती इथेही लावली, तीन आकृत्या एकदम सुरू केल्या : घासणारा, छेडणारा, ऐकणारा. पहिल्या दोन भराभर झाल्या. तिसरीत करायला काहीच नव्हतं. हात मांडीवर, डोळे कुठेच नाहीत, ओठ थोडे दाबलेले. ऐकणारा माणूस आणि नुसता बसलेला माणूस यांत कागदावर फरक काय? मी बराच वेळ बघितलं. फरक मानेत होता. नुसता बसलेल्याची मान खांद्यांवर ठेवलेली असते, ऐकणाऱ्याची खांद्यांतून थोडी वर आलेली. तेवढी एक रेषा मी उचलली.

त्यांनी पान पाहिलं. चेहऱ्याबद्दल काही बोलले नाहीत. घोडीवर बोट ठेवून म्हणाले, "हिचा उतार बरोबर आलाय." त्यांच्या नातवाने मात्र मोबाइलवर पानाचा फोटो काढला आणि विचारलं, "मॅडम, याचे पैसे मिळतात का?" मी सांगितलं, फारसे नाही. तो म्हणाला, "आमच्यासारखंच मग."

ज्याचं चित्र त्याला वही दाखवायची, हा नियम मी कसोशीने पाळते. चित्र मागितलं तर देत नाही, कारण वही शिवलेली असते. पण सोबत सुटे कार्डपेपरचे तुकडे असतात, त्यावर पुन्हा छोटं काढून देते. कुणी "नको" म्हटलं तर पेन खाली. बायका बहुधा "आत्ता नको, धुणं झाल्यावर" म्हणतात, म्हणजे वेणीफणी करून, चांगली साडी नेसून. त्या तयार होऊन समोर येऊन बसल्या की चित्र बिघडतं, हे त्यांना सांगता येत नाही आणि सांगूही नये. ते चित्र त्यांचं. धुण्याचं आधीच झालेलं असतं.

नरसोबाच्या वाडीला पोचेपर्यंत वहीची मागची पानं सुरू झालेली असतात. दत्ताच्या पादुकांचं हे स्थान घाटाच्या पायऱ्यांवरच आहे, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात नदी चढते आणि देवळातच शिरते. उत्तरेच्या दाराने आत येऊन, पादुकांवरून वाहत, दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक धावत येतात. बाकी जगात देवळात पाणी शिरणं ही आपत्ती. वाडीत ती पर्वणी. पाणी त्याहून चढलं की मात्र तिथेही आपत्तीच, आणि पेढ्यांची दुकानं टप्प्याटप्प्याने वर सरकू लागतात. काउंटर, कढया, काचेच्या पेट्या, देवाचे फोटो. हे सरकणं गावाच्या इतकं अंगवळणी पडलंय की कुठलं सामान कुणी उचलायचं हेही ठरलेलं असतं.

वाडीची बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी. मी बसते ती भट्टीच्या बाजूला. मोठ्या कढईत दूध आटतंय आणि खवा ढवळणारा लांब दांड्याच्या उलथन्याने तळ खरवडत गोल फिरवतोय. दूध पातळ असतं तोवर हात खांद्यापासून सैल फिरतो. घट्ट होत गेलं की कोपर अंगाला चिकटतं, मग दोन्ही हात लागतात, शेवटी पाय फाकवून सगळं अंग ढवळायला लागतं. एक कढई म्हणजे चार आकृत्या. दुकानदार गल्ल्यावरून बघत होते. शेवटी राहवलं नाही, उठून आले. "अहो ताई, दुकानाची पाटी राहिली की." मी पाटी काढली. मग म्हणाले, "फोन नंबरपण हाय खाली." तोही काढला.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. पावसात रंग वाळत नाही, पानं एकमेकांना चिकटतात. एप्रिल-मेमध्ये दहानंतर पांढऱ्या कागदावरचं ऊन डोळ्यांत जातं. हळदीचा बाजार बघायचा असेल तर मात्र फेब्रुवारीनंतरच, नवा माल यायला लागला की, आणि सकाळी लवकर. वाडीला पौर्णिमा टाळावी, गर्दीत कोपर हलवायला जागा नसते. मिरजेहून वाडीला जाणारी गाडी जयसिंगपूर-शिरोळवरून फिरते. खिडकीची जागा मिळाली तर उसाच्या ट्रॉल्या काढायला घ्या, गाळपाच्या दिवसांत त्या रस्त्यावर इतक्या असतात की एक पुढे निघून गेली तरी चित्र मागच्यावर पुरं करता येतं.